संगणकाचा पहिला पडदा : निर्णय कोणाचा?

सरकारी कार्यालयात नवे संगणक आले की त्यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये होते. किती नग आले, प्रोसेसर कोणता, मेमरी किती, मॉनिटर किती इंचांचा, वॉरंटी कधीपर्यंत, हे सर्व तिथे लिहिलेले असते. निविदेतही याच बाबी असतात आणि लेखापरीक्षणात याच तपासल्या जातात. एक बाब मात्र मला माझ्या संपूर्ण नोकरीत कोणत्याही निविदेत, करारात किंवा रजिस्टरमध्ये लिहिलेली आढळली नाही. सकाळी लिपिकाने संगणकाचे बटण दाबल्यावर त्याच्यासमोर नेमके काय उघडेल? प्रश्न इतका किरकोळ वाटतो की याविषयी कोणी काही ठरवत असेल हेच आपल्या ध्यानात येत नाही. परंतु ते नेहमीच कोणीतरी ठरवलेले असते. बहुतेक वेळा ते पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने ठरवलेले असते, आणि स्वतःच्या सोयीने ठरवलेले असते.

हे मला कसे समजले ते सांगतो. २००७ सालच्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट आहे. मी तेव्हा मध्य भारतातील एका हिंदीभाषक जिल्ह्यात अतिरिक्त जिल्हाधिकारी होतो. एका तहसील कार्यालयाच्या तपासणीसाठी दुपारी पोहोचलो, तेव्हा ओसरीत तीस-चाळीस शेतकरी बसलेले दिसले. खरीप पीककर्जासाठी बँकेला जमिनीच्या नोंदींची नकल लागते. आपल्याकडे जसा सातबारा, तसा तिकडे खसरा आणि खतौनी. नकल देण्याच्या खिडकीशेजारी फळ्यावर खडूने लिहिले होते, 'मशीन खराब है, कल आइए.' काही जण तीस किलोमीटरवरून आले होते. उद्या पुन्हा यायचे म्हणजे बसभाडे पुन्हा, आणि पेरणीचा आणखी एक दिवस वाया.

आत सहा संगणक होते. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी आलेले. परवान्याचा खर्च वाचावा म्हणून त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवलेली होती, आणि तो निर्णय योग्यच होता. मी विचारले, काय बिघडले आहे? बडे बाबू, म्हणजे आपल्याकडचे अव्वल कारकून, उठून उभे राहिले. सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ, अक्षर मोत्यासारखे, जुन्या बंदोबस्ताच्या नोंदी तोंडपाठ. त्यांनी माझ्यासमोर संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. त्यांनी नाव टाकले, पासवर्ड टाकला. दोन्ही बरोबर. मग एक चिन्ह आले आणि त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. बस्स, एवढेच.

मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. संगणक बसवणाऱ्या तंत्रज्ञाने घाईघाईने हाताने लिहिलेली. तिच्यावर शेवटची ओळ होती 'स्टार्टएक्स'. इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्याने शेवटचे अक्षर थोडे दूर लिहिले होते. बडे बाबूंनी जसे दिसत होते तसे, मध्ये जागा सोडून, ते टाइप केले. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आले की अशी आज्ञा सापडत नाही. सकाळपासून त्यांनी ते अनेकदा केले होते आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर आले होते. ही आज्ञा ज्याला पाठ होती तो कंत्राटी संगणकचालक बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला होता.

मी स्वतः यातला जाणकार नव्हतो. जिल्हा मुख्यालयातील संगणक अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, मध्ये जागा सोडू नका. जागा न सोडता टाइप केले आणि काही क्षणांत पडद्यावर नेहमीचा डेस्कटॉप उघडला. चित्रे, मेन्यू, नकल काढण्याचा प्रोग्रॅम, सगळे जागच्या जागी. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत इतक्या माणसांचे काम एका मोकळ्या जागेपायी अडले होते. फळा पुसला गेला. बडे बाबू हळू आवाजात म्हणाले, "साहब, मैं तो समझता रहा कि गलती मेरी है."

ते वाक्य माझ्या मनातून आजही जात नाही. यंत्र बिघडलेले नव्हते. माणूसही चुकलेला नव्हता. तरीही एकाने ओसरीतल्या लोकांना यंत्र बिघडल्याचे सांगितले होते आणि मनात स्वतःला दोषी धरले होते. मग दोष होता कुठे?

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाला बोलावून घेतले, आणि त्याने जे समजावले ते ऐकून मी थक्क झालो. त्या काळच्या लिनक्समध्ये संगणक सुरू होताना 'इनिट' नावाचा पहिला प्रोग्रॅम एक छोटी फाईल वाचत असे. तिचे नाव 'इनिटटॅब'. त्या फाईलमधील एका ओळीत एक आकडा असे, आणि संगणकाने कोणत्या अवस्थेत जाऊन थांबायचे हे तो आकडा सांगत असे. या अवस्थांना रनलेव्हल म्हणत. ० म्हणजे बंद होणे, ६ म्हणजे पुन्हा सुरू होणे, १ म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्याने काम करण्याची अवस्था. त्या संगणकांवर जी प्रणाली होती तिच्यात ३ म्हणजे सर्व सेवा चालू, पण पडदा केवळ अक्षरांचा. आणि ५ म्हणजे तेच सर्व, शिवाय चित्रमय डेस्कटॉप. आमच्या सहाही संगणकांवर तो आकडा ३ होता. त्या जागी ५ लिहायचे, फाईल जतन करायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, इतकेच काम होते.

ही निवड मुळात असते तरी का, हे येथे सांगायला हवे. लिनक्सवर चित्रे आणि खिडक्या दाखवण्याचे काम तेव्हा 'एक्स' नावाची स्वतंत्र प्रणाली करत असे. तिचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. संगणकाचा गाभा वेगळा आणि चित्रमय पडदा वेगळा, अशी ही रचना असल्यामुळे पडदा हवा तर लावावा, नको तर लावू नये, अशी मोकळीक राहते. मायक्रोसॉफ्टच्या जगातही एके काळी असेच होते. विंडोज ३.१ असलेला संगणक आधी डॉसच्या काळ्या पडद्यावर उघडत असे आणि 'विन' असे टाइप केल्यावर खिडक्या दिसत. ज्यांना हा त्रास नको असे ते 'ऑटोएक्झेक' फाईलच्या शेवटी ती आज्ञा लिहून ठेवत. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि संगणक थेट चित्रमय पडद्यावर उघडू लागला. मात्र तिथेही एका फाईलमध्ये 'बूटजीयूआय' नावाची ओळ होती. तिच्यापुढे १ असेल तर खिडक्या, ० असेल तर काळा पडदा. म्हणजे निवड नाहीशी झाली नव्हती. बनवणाऱ्याने ती सामान्य माणसाच्या बाजूने आधीच करून ठेवली होती. यालाच संगणकाच्या भाषेत डिफॉल्ट म्हणतात. कोणी काहीही न सांगितल्यास जे घडते ते डिफॉल्ट.

मी तंत्रज्ञाला विचारले, तू ३ का ठेवलास? त्याने प्रामाणिक उत्तर दिले. मॉनिटर दोन वेगवेगळ्या बनावटींचे होते. मॉनिटरची माहिती फाईलमध्ये चुकीची भरली गेली तर चित्रमय पडदा उघडत नाही. प्रणाली पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, पडदा फडफडत राहतो, आणि शेवटी पाच मिनिटे थांबते असा संदेश देऊन स्वस्थ बसते. अशा वेळी त्याला साठ किलोमीटरवरून यावे लागले असते. आकडा ३ ठेवला म्हणजे काही झाले तरी काळा पडदा येणार, आणि फोनवरून दुरुस्ती सांगता येणार. शिवाय मेमरी थोडी वाचते. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागेवरून पाहिले तर त्याचा निर्णय चुकीचा नव्हता. पण त्याची एक फेरी वाचावी म्हणून बडे बाबूंनी रोज एक परकी आज्ञा बिनचूक टाइप करायची, आणि तसे न जमल्यास शेतकऱ्याने दुसरी फेरी मारायची, असा त्या निर्णयाचा अर्थ होत होता. हा हिशेब कोणी मांडलाच नव्हता, कारण असा निर्णय घेतला जातो आहे हेच कार्यालयाला ठाऊक नव्हते.

आकडा बदलला. चार संगणक लगेच नीट उघडले. दोन संगणकांवर तंत्रज्ञाची भीती खरी ठरली आणि पडदा फडफडू लागला. त्यांच्या मॉनिटरची माहिती पुस्तिकेतून काढून भरावी लागली. त्यात आणखी एक दिवस गेला. पुढे पुरवठादाराचे पत्र आले की प्रणालीत परस्पर बदल केल्यामुळे वॉरंटी लागू राहणार नाही. त्याला उत्तर देण्यासाठी मला दोन पानांची टिप्पणी लिहून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागली. एका आकड्यासाठी दोन पाने! पण आज वाटते, ती दोन पाने लिहिली गेली हे चांगलेच झाले. त्या टिप्पणीमुळे प्रथमच त्या कार्यालयाच्या नस्तीत असे नमूद झाले की संगणक कसा उघडावा हे कार्यालय ठरवील.

आता या विषयाच्या त्या अंगाकडे वळतो, जे आपल्या देशात विशेष महत्त्वाचे आहे आणि ज्याची चर्चा क्वचितच होते. काळा पडदा म्हणजे केवळ जुना पडदा नव्हे. तो इंग्रजीचा पडदा असतो. लिनक्सच्या सर्वसाधारण अक्षरपडद्यावर एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ अक्षराकृती ठेवता येतात, आणि प्रत्येक आकृती ठरलेल्या एका चौकटीत बसवावी लागते. रोमन लिपीला हे पुरते. देवनागरीला पुरत नाही. 'कि' लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टाइप करतो, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. 'क्ष', 'त्र', 'ऱ्या' अशा जोडाक्षरांत अक्षरे एकमेकांत मिसळतात. या जुळणीसाठी जी बुद्धी लागते ती चित्रमय पडद्याच्या मागे असते, साध्या अक्षरपडद्यामागे नसते. जी अडचण देवनागरीची तीच बंगाली, तमिळ, कन्नड, मल्याळम यांची.

याची जाणीव आपल्या तंत्रज्ञांना फार पूर्वी झाली होती. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित झाले. डॉसच्या काळ्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून संगणकात एक वेगळे कार्ड बसवावे लागे. ज्या काळात खिडक्या आणि चित्रे सर्वत्र पोहोचली नव्हती, त्या काळात भारतीय भाषांत काम करण्याची ती वाट होती. एवढे कष्ट ज्यासाठी घेतले गेले ते आज चित्रमय डेस्कटॉपवर सहज उपलब्ध आहे. युनिकोड आहे, इन्स्क्रिप्ट कळफलक आहे, 'लोहित'सारखे मुक्त टंक आहेत, मेन्यूंचे मराठी आणि हिंदी भाषांतर आहे. हे सर्व ज्या दरवाजाच्या आत आहे, तो दरवाजाच सकाळी बंद ठेवायचा आणि उघडण्यासाठी इंग्रजी परवलीचा शब्द मागायचा, हा कसला न्याय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मी काळ्या पडद्याचा शत्रू नाही, आणि आपले लिपिक तो वापरण्यास असमर्थ आहेत असेही माझे म्हणणे नाही. याच पिढीतील लिपिकांनी वर्डस्टार आणि लोटस काळ्या पडद्यावरच शिकून वर्षानुवर्षे उत्तम चालवले आहेत. प्रश्न क्षमतेचा नसून भाराचा आहे. ज्याचे काम नकल देणे आहे त्याने नकलेविषयी जाणावे. यंत्र जागे करण्याची विद्या त्याच्यावर का लादावी?

तसेच प्रत्येक संगणक चित्रमय पडद्यावरच उघडला पाहिजे असाही आग्रह चुकीचा आहे. माहितीकेंद्रातले सर्व्हर अक्षरपडद्यावरच ठेवावेत. त्यांच्यासमोर कोणी बसत नाही, त्यांचे व्यवस्थापन दुरून होते. जे प्रोग्रॅम लागत नाहीत ते चालू ठेवले तर मेमरी खर्च होते आणि घुसखोरीला जागा वाढतात. नियम साधा आहे. यंत्रासमोर कोण बसणार, हे पाहून पहिला पडदा ठरवावा.

या उत्साहात माझ्या हातून एक चूकही झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. डेस्कटॉप थेट उघडू लागल्यावर संगणकचालकाने सुचवले की नाव आणि पासवर्डही कशाला? लिनक्समध्ये अशी सोय असते की ठरलेल्या एका वापरकर्त्याच्या नावाने संगणक आपोआप आत शिरतो. नकल-खिडकीवरील गर्दी पाहून मी होकार दिला. काही महिन्यांनी एका नकलेबद्दल तक्रार आली. ती नकल कोणी काढली हे शोधू गेलो तेव्हा नोंदीत एकच सामाईक नाव होते. त्या यंत्रावर तीन कर्मचारी आळीपाळीने बसत. चौकशीत कोणावर काही सिद्ध झाले नाही, पण कोणी निर्दोषही ठरले नाही. तिघेही कित्येक महिने संशयाखाली वावरले. त्यांच्यापैकी निदान दोघांवर तो अन्याय होता, आणि त्याचे कारण माझा होकार होता.

तेव्हापासून मी या दोन गोष्टींत स्पष्ट फरक करतो. चित्रमय पडद्यावर थेट उघडणे ही सोय आहे. नाव न विचारता आत घेणे ही जबाबदारीची सुट्टी आहे. नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदाही चित्रमय असू शकतो, त्यावर कर्मचाऱ्यांची नावे त्यांच्या लिपीत दिसू शकतात, भाषा निवडता येते. तेवढ्यावर थांबावे. वाचनालयातील सूची किंवा नागरिकांसाठी ठेवलेले माहितीयंत्र यांना आपोआप प्रवेश द्यायला हरकत नाही, पण तोही मर्यादित अधिकारांच्या खात्याने. ज्या यंत्रावरून कोणाच्या हक्काचा कागद निघतो, त्या यंत्राला त्याच्यासमोर कोण बसले आहे हे ठाऊक असलेच पाहिजे.

त्यानंतर तंत्र बदलले. इनिटटॅबमधला आकडा आता इतिहासजमा झाला आहे. २०११ साली फेडोरामध्ये, आणि २०१५ पर्यंत डेबियन आणि उबुंटूसह बहुतेक प्रमुख लिनक्स प्रणालींमध्ये 'सिस्टिमडी' ही नवी व्यवस्था आली. तिच्यात आकड्यांऐवजी लक्ष्ये असतात. अक्षरपडद्याचे नाव 'मल्टी-यूजर टार्गेट' आणि चित्रमय पडद्याचे 'ग्राफिकल टार्गेट'. 'सिस्टिमसीटीएल' या आज्ञेला 'सेट-डिफॉल्ट' असे सांगून पुढे लक्ष्याचे नाव दिले की पुढच्या वेळी संगणक त्या अवस्थेत उघडतो, आणि 'गेट-डिफॉल्ट' असे विचारले की सध्याची नेमणूक कळते. बहुतेक डेस्कटॉप प्रणाली आता बसवतानाच चित्रमय पडदा निवडतात. परंतु सर्व्हरसाठीची प्रत बसवली, किंवा कमीत कमी घटकांसह बसवणी केली, तर काळा पडदा आजही समोर येतो.

आणि एक गंमत आजही कायम आहे. नुसते लक्ष्य बदलून भागत नाही. प्रवेशाचा चित्रमय पडदा दाखवणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो, त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. तो बसवलेला आणि सुरू ठेवलेला नसेल तर लक्ष्य गाठले जाते, पण पडदा काळाच राहतो. प्रशासनातील वाचकांना हे ओळखीचे वाटेल. आदेश निघतो, योजना जाहीर होते, पण ती राबवणारे पदच मंजूर झालेले नसते.

मुळात प्रशासनाचे अर्धे काम डिफॉल्ट ठरवण्याचेच असते, असे मला वाटते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याकडे पाहा. कलम ६ नुसार नागरिक अर्ज करून माहिती मागतो. कलम ४ मात्र सांगते की ठरावीक माहिती कार्यालयाने स्वतःहून, कोणी न मागता, प्रसिद्ध करावी. कलम ४ म्हणजे उघडल्याबरोबर सर्व काही समोर दाखवणारा पडदा, आणि कलम ६ म्हणजे नेमकी आज्ञा टाइप केल्यावर मिळणारे उत्तर. कायद्याला दोन्ही अपेक्षित आहेत. पण ज्या कार्यालयात कलम ४ कागदावरच राहते, तिथे नागरिकाला प्रत्येक गोष्टीसाठी बिनचूक अर्ज लिहावा लागतो, आणि एखादी जागा चुकली की 'अशी माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर येते. बडे बाबूंना पडद्याने दिलेले उत्तर याहून फार वेगळे नव्हते.

मुक्त प्रणालींचा प्रसार हा माझ्या दृष्टीने देशहिताचा विषय आहे. सी-डॅकने २००७ साली लिनक्सवर आधारित 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, ही प्रणाली आणली. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने सरकारी शाळांमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण देत आणि मल्याळम भाषेची सोय करत मुक्त प्रणाली रुजवून दाखवली. जिथे ती रुजली नाही तिथे अनेकदा दोष प्रणालीचा नसतो. पहिल्या पडद्यावर घाबरलेला कर्मचारी दुसऱ्या दिवशी जुनीच प्रणाली परत मागतो, आणि अहवालात लिहिले जाते की कर्मचाऱ्यांनी नवी प्रणाली स्वीकारली नाही. प्रत्यक्षात त्याने ती पाहिलेलीच नसते. त्याने फक्त तिचा बंद दरवाजा पाहिलेला असतो.

म्हणून कार्यालयप्रमुखांसाठी काही सूचना करतो. यांपैकी कशालाही वेगळा निधी लागत नाही. निविदेत आणि करारात पहिल्या पडद्याचे वर्णन लिहावे : यंत्र चालू केल्यावर चित्रमय प्रवेशपडदा, कार्यालयाच्या भाषेत, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या स्वतंत्र खात्यासह. यंत्रे ताब्यात घेताना पुरवठादाराच्या माणसाने ती सुरू करून दाखवू नयेत. कार्यालयातील सर्वांत कमी सराव असलेल्या कर्मचाऱ्याने ती सुरू करावीत, आणि तंत्रज्ञाने तेवढा वेळ गप्प बसावे. वीज गेली तर काय होते हे पाहण्यासाठी एकदा मुद्दाम वीज बंद करून पुन्हा सुरू करावी. चित्रमय पडदा कधी बिघडला तर काळ्या पडद्यावर कसे जायचे हे निदान दोन कर्मचाऱ्यांना शिकवावे. बहुतेक लिनक्स संगणकांवर कंट्रोल, ऑल्ट आणि वरच्या रांगेतील एफ३ या कळा एकत्र दाबल्या की तो पडदा मिळतो. ही माहिती छापील कागदावर, कार्यालयाच्या भाषेत आणि आज्ञांतील मोकळ्या जागा स्पष्ट दिसतील अशा अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर कोणतेही कार्यालय अवलंबून असू नये.

हे सर्व आज लिहिण्याचे निमित्त घरचेच आहे. महाराष्ट्राबाहेरच्या ज्या शहरात मी निवृत्तीनंतर राहतो, तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात दोन जुने संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले. नवे संगणक घेण्याइतके पैसे मंडळाकडे नाहीत, म्हणून एका तरुण कार्यकर्त्याने त्यांवर लिनक्स बसवले. काम उत्तम झाले होते, फक्त त्याने सवयीप्रमाणे कमीत कमी घटकांची बसवणी केली होती. पुढच्या रविवारी ग्रंथालय सांभाळणाऱ्या काकूंनी बटण दाबले आणि काळा पडदा आला. त्यांनी संगणक बंद केला, जुने हस्तलिखित रजिस्टर काढले आणि पुस्तके त्यात लिहून दिली. कोणालाही काही बोलल्या नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असेल हो."

अठरा वर्षांहून अधिक काळ लोटला, प्रांत वेगळा, भाषा वेगळी, प्रणालीची पिढी वेगळी, आणि वाक्य तेच. त्या तरुणाला फोन केला. तो त्याच संध्याकाळी आला, जे घटक राहिले होते ते बसवले, लक्ष्य बदलले, भाषा मराठी केली आणि सूचीच्या यंत्राला मर्यादित खाते दिले. आता काकू बटण दाबतात आणि पुस्तकांची यादी देवनागरीत समोर येते. आपल्यापैकी अनेकांच्या मंडळांत, शाळांत, सोसायट्यांत असे जुने संगणक आज नव्याने सजवले जात असतील. तिथे एवढेच विचारा : सकाळी हे यंत्र कोण सुरू करणार आहे, आणि त्या व्यक्तीला पहिल्या पडद्यावर काय दिसेल? हे ठरवण्याचा अधिकार तंत्रज्ञाला नकळत देऊन टाकू नका. तो आपला आहे.